सायलेंट व्हॅलीच्या दारात

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात मण्णारकाडहून घाट चढून गेले की मुक्काली नावाचे छोटे गाव लागते. सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचा दरवाजा तो हाच. पर्यटकाची स्वतःची मोटार येथेच थांबते. नोंदणी करायची, शुल्क भरायचे, माहिती केंद्रातून एक फेरी मारायची आणि वन खात्याच्या परवानगीने धावणाऱ्या जीपमधून, वाटाड्याला सोबत घेऊन, सैरंध्रीपर्यंतचा सुमारे २३ किलोमीटरचा खडबडीत रस्ता धरायचा, असा येथला शिरस्ता आहे. दिवसाला किती वाहने सोडायची यावर मर्यादा आहे. दुपारनंतर कोणालाही आत सोडले जात नाही, प्लास्टिक नेता येत नाही. सैरंध्रीला निरीक्षण मनोरा आहे, इंदिरा गांधी यांचे स्मारक आहे आणि तेथेही अभ्यागतांसाठी माहितीची सोय आहे. त्यापुढचे जंगल सर्वसामान्य पर्यटकांसाठी नाही. जाऊन-येऊन चार-पाच तासांत सगळे आटोपते.

या उद्यानाचे मूळ क्षेत्र ८९.५२ चौरस किलोमीटर. २००७ साली त्याभोवती १४८ चौरस किलोमीटरचे संरक्षक क्षेत्र जोडले गेले. पर्यटकाला दिसते ते या साऱ्यातून जाणाऱ्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे, जीपच्या खिडकीतून मावेल तेवढे. वाघ पाहण्याच्या ईर्ष्येने ताडोबा किंवा कान्हाच्या वाऱ्या करणाऱ्या नागर पर्यटकाला हा सौदा महागडा वाटतो यात नवल नाही. एवढ्या लांब येऊन काय पाहिले, तर झाडे, असा त्याचा सूर असतो. नशीब जोरावर असेल तर सिंहपुच्छ वानरांची टोळी रस्त्यालगतच्या शेंड्यांवर दिसते, एखादा निलगिरी लंगूर, एखादे शेकरू. नसेल तर धुके, जळवा आणि पाऊस.

हे गाऱ्हाणे सरसकट अडाणीपणाचे मानता येत नाही. सदाहरित वर्षावन हे मुळातच डोळ्यांना सहज न भेटणारे जंगल आहे. मध्य भारतातील पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात झाडे उघडी पडतात, पाणवठे आटतात आणि प्राण्यांना ठरावीक जागी यावेच लागते. तेथली सफारी या टंचाईवर चालते. वर्षावनात टंचाई अशी नसतेच. पाणी जागोजागी, पाने बारमाही आणि जीवसृष्टीचा मोठा भाग माणसाच्या डोक्यावर तीस-चाळीस मीटर उंचीच्या छतात. उन्हाचा एक-दोन टक्के अंश जेमतेम जमिनीपर्यंत पोहोचतो. खाली उभे राहणारा पर्यटक एका परीने या इमारतीच्या तळघरात उभा असतो आणि सारा व्यवहार गच्चीवर चाललेला असतो. सैरंध्रीचा मनोरा उभारला गेला तो यासाठीच. सुमारे तीस मीटर चढून गेल्यावर जंगलाची वरची बाजू प्रथमच नजरेस येते आणि दरीच्या तळाशी कुंतीपुळेची रेघ दिसते.

म्हणूनच अशा ठिकाणी माहिती केंद्राला जे महत्त्व असते, ते व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वारावरील केंद्राला नसते. तेथे वाघ स्वतःच स्वतःची जाहिरात करतो. येथे मात्र जे दिसत नाही ते समजावून द्यावे लागते. उदाहरणार्थ, कुलेनिया हे झाड. मल्याळीत त्याला वेडिप्लावु म्हणतात. ड्युरियनच्या कुळातले हे झाड खोडाला आणि फांद्यांनाच तपकिरी फुलांचे झुबके धरते, नंतर काटेरी फळे. सिंहपुच्छ वानराचा आहार वर्षाचा बराच काळ या फुलाफळांवर अवलंबून असतो. हे माकड जमिनीवर फारसे उतरत नाही. शेंडा शेंड्याला भिडलेला असेल तरच त्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाता येते. छताला भगदाड पडले, मध्ये रस्ता आला, जलाशय आला की टोळी तेथेच अडकते. जगात हा प्राणी पश्चिम घाटातच, तोही तुकड्यातुकड्यांच्या जंगलात उरला आहे. संख्या काही हजारच. झाड, माकड आणि अखंड छत या तिघांचे नाते एकदा कळले की धुक्यातली तीच ती हिरवी भिंत वेगळी दिसू लागते. न कळले तर ती भिंतच राहते.

सायलेंट व्हॅली या नावाचे मूळही असेच अर्धे उघड, अर्धे झाकलेले. १८४७ मध्ये रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने या भागाचा अभ्यास केला. ब्रिटिशांना येथे किर्र आवाज करणारे सिकाडा कीटक ऐकू आले नाहीत म्हणून ही ‘निःशब्द दरी’, असे एक स्पष्टीकरण. सैरंध्रीवन या स्थानिक नावाचा तो इंग्रजी अपभ्रंश, हे दुसरे. सिंहपुच्छ वानराच्या ‘सिलेनस’ या शास्त्रीय नावावरून ते आले, हे तिसरे. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी आणि कुंतीपुळा म्हणजे कुंतीची नदी, असा स्थानिक लोकांचा भाव. अर्थात सिकाडा या जंगलात आहेत आणि ते ऐकूही येतात.

परंतु सायलेंट व्हॅलीचे नाव देशभर झाले ते या कशामुळेही नव्हे. ते झाले एका न बांधलेल्या धरणामुळे.

सैरंध्रीजवळच्या अरुंद घळीत कुंतीपुळा अडवण्याची जागा १९२८ सालीच हेरली गेली होती. १९५८ मध्ये पाहणी झाली आणि १९७३ मध्ये नियोजन आयोगाने प्रकल्पाला मंजुरी दिली. १३१ मीटर उंचीचे धरण, पहिल्या टप्प्यात १२० मेगावॅट वीज, मलबारच्या मागास भागाला उद्योग आणि सुमारे दहा हजार हेक्टरला सिंचन असे त्याचे स्वरूप. बुडणार होते ८३० हेक्टर. हा आकडा प्रकल्पाच्या समर्थकांना फार प्रिय होता, कारण तो दरीच्या एकूण क्षेत्राच्या दहा टक्क्यांहूनही कमी होता. दहा टक्के बुडाले तर नव्वद टक्के वाचतेच की, हा हिशेब कागदावर बिनतोड होता. नदीकाठचा तो पट्टा हाच त्या जंगलाचा गाभा होता आणि धरण बांधायचे म्हणजे रस्ते, वसाहती, हजारो मजूर व त्यांचे सरपण हे सारे आत न्यायचे, ही गोष्ट त्या हिशेबात धरलेली नव्हती.

या वादाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. राष्ट्रीय पर्यावरण नियोजन व समन्वय समितीने १९७६ मध्ये या प्रकल्पाचा परिणाम तपासण्यासाठी एक कृती गट नेमला. त्याचे प्रमुख होते जफर फतेहअली, मुंबईचे निसर्ग अभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एके काळचे मानद सचिव. गटाचा निष्कर्ष स्पष्ट होता : प्रकल्प सोडून द्यावा. मात्र त्याच अहवालात एक पुस्ती जोडलेली होती. प्रकल्प टाळणे शक्यच नसेल तर १७ संरक्षक अटी पाळाव्यात. केरळ सरकारने मुख्य शिफारस बाजूला ठेवली आणि पुस्ती उचलली. १९७९ मध्ये अटी पाळण्याची हमी देणारा कायदाच राज्याने केला. पर्यावरणाचा समतोल राखण्याचा शब्द देणारा हा कायदा प्रत्यक्षात धरणाचा मार्ग मोकळा करणारा होता. सशर्त मंजुरी या प्रकाराची ही जवळजवळ पहिलीच मोठी तालीम म्हणता येईल. त्यानंतरच्या साडेचार दशकांत देशात किती प्रकल्प अशा अटींच्या यादीसह मंजूर झाले आणि त्या अटींचे पुढे काय झाले, हे खाणींच्या व बंदरांच्या शेजारी राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

तेव्हाच्या केरळात धरणाला विरोध करणे सोपे नव्हते. डावे काय, काँग्रेस काय, जवळजवळ सर्व पक्ष प्रकल्पाच्या बाजूने होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीही विरोधकांचे म्हणणे मान्य केले नाही. माकडे हवीत की माणसे, असा कुत्सित प्रश्न जाहीर सभांतून विचारला जाई. या प्रश्नाला भावनेने उत्तर देण्याचा मोह केरळ शास्त्र साहित्य परिषदेने टाळला, हे तिचे मोठे श्रेय. गावोगावी शिक्षकांचे जाळे असलेल्या या संघटनेने प्रा. एम. के. प्रसाद आदींच्या पुढाकाराने प्रकल्पाचा तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक हिशेब मांडला : वीज कोणाला लागते, किती लागते, ती दुसऱ्या मार्गाने मिळू शकते का. माकडाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मेगावॅटची भाषा शिकून घेतल्यावर वादाचा तोल बदलला. कवयित्री सुगतकुमारी आणि अन्य साहित्यिक मैदानात उतरले, सलीम अली यांच्यासारख्यांनी दिल्लीत शब्द टाकला आणि १९७९ मध्ये डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी आसपासची जंगले मिळून ३८९.५२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय वर्षावन राखीव क्षेत्र करावे, असे सुचवले. न्यायालयात मात्र हार झाली. १९८० च्या प्रारंभी केरळ उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली.

निर्णय अखेर राजकीयच झाला. सत्तेवर परतलेल्या इंदिरा गांधींनी काम थांबवायला लावले. प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र व राज्याची संयुक्त समिती बसली, तिने १९८३ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकल्प रद्द झाला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर पंधरवड्याने, राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सैरंध्रीचे स्मारक या इतिहासाचे. धरण थांबवणाऱ्या शेकडो अनाम शिक्षक-कार्यकर्त्यांऐवजी एका पंतप्रधानांचे स्मारक जंगलात असावे, यावर कोणी नाक मुरडू शकेल. पण त्या काळच्या केंद्रीय सत्तेने राज्यातील स्वपक्षीयांचा रोष पत्करून हा निर्णय घेतला, हेही नाकारता येत नाही. आज एखादा पंतप्रधान १२० मेगावॅटची वीज माकडासाठी सोडून देईल काय, असा प्रश्न मनात आणून पाहिला म्हणजे त्या निर्णयाचे मोल कळते.

मेनन समितीचे एक सदस्य होते डॉ. माधव गाडगीळ. पुढे २०११ मध्ये ज्या समितीने संपूर्ण पश्चिम घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानून त्याची तीन श्रेणींत विभागणी सुचवली, तिचे ते अध्यक्ष. म्हणजे सायलेंट व्हॅलीतून निघालेली वाट सरळ सह्याद्रीत, महाराष्ट्रात येते. त्या अहवालाचे काय झाले हे सर्वज्ञात आहे. तो डावलून डॉ. कस्तुरीरंगन समिती आली, २०१३ मध्ये तिने क्षेत्र घटवून सुमारे ३७ टक्क्यांवर आणले आणि तेही सहा राज्यांना जड झाले. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसे गाडली गेली. त्यानंतर एका दिवसाने, ३१ जुलैला, केंद्राने सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटरच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा प्रसिद्ध केला. तो सहावा होता. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटरचा.

मुक्कालीच्या दारात उभे असताना आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मुक्काली हे अट्टप्पाडीतले गाव. अट्टप्पाडी हा इरुळर, मुडुगर आणि कुरुंबर या आदिवासींचा प्रदेश. एके काळी येथे ते बहुसंख्य होते. मैदानातून आलेल्या वसाहतदारांनी जमिनी घेतल्यानंतर अल्पसंख्य झाले. २०१३ मध्ये येथील आदिवासी अर्भकांच्या मृत्यूंनी, मानवविकासात अव्वल म्हणवणाऱ्या केरळला मान खाली घालायला लावली. आणि २२ फेब्रुवारी २०१८ रोजी जंगलातल्या गुहेत राहणाऱ्या एका तरुण आदिवासीला तांदूळ चोरल्याच्या संशयावरून जमावाने पकडले, हात बांधून मुक्कालीपर्यंत चालवत आणले आणि मारहाण केली. त्यातच त्याचा मृत्यू झाला. मारहाण करणाऱ्यांपैकी काहींनी त्याच्यासोबत छायाचित्रेही काढून घेतली होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने चौदा जणांना दोषी ठरवले. ज्या चौकातून पर्यटकांच्या जीपा निघतात, त्याच परिसरात हे घडले.

या घटनेचा उद्यानाशी थेट संबंध नाही, असे म्हणता येईल. पण संबंध आहे. जंगल वाचवण्याची कथा सांगताना त्यात शास्त्रज्ञ असतात, कवी असतात, पंतप्रधान असतात; त्या जंगलाला शतकानुशतके ओळखणारे लोक बहुधा वाटाड्याच्या गणवेशात तेवढे दिसतात. केरळ वन खात्याने पर्यटनातील कामे स्थानिक समित्यांकडे दिली, आदिवासी तरुणांना वाटाडे नेमले, हे चांगलेच झाले. कुलेनियाचे झाड बोट दाखवून ओळखणारा माणूस माहिती केंद्रातल्या दहा फलकांच्या बरोबरीचा असतो. मात्र फलकावर त्याच्या समाजाचे नाव ‘येथील जनजाती’ अशा एका ओळीपुरते उरू नये. त्यांच्या जमिनींचे काय झाले, वनहक्क कायद्याने त्यांना काय मिळाले, हा मजकूर हत्ती आणि धनेशाच्या माहितीइतकाच त्या भिंतीवर हवा. तो कोणत्याही माहिती केंद्रात सहसा नसतो, महाराष्ट्रातही नसतो.

वाचलेले जंगल कायमचे वाचले, या समजुतीलाही सायलेंट व्हॅलीने छेद दिला आहे. राष्ट्रीय उद्यान होऊन दोन दशके होत नाहीत तोच त्याच नदीवर, उद्यानाच्या सीमेबाहेर थोडे खाली, पात्रक्कडवू येथे ७० मेगावॅटचा प्रकल्प पुढे आला. उद्यानाच्या आत एक इंचही बुडणार नाही, असे सांगण्यात येत होते, आणि ते खरेही होते. २००७ मध्ये संरक्षक क्षेत्र जाहीर झाले तेव्हा तो विषय मागे पडला. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी प्रत्येक संरक्षित जंगलाभोवती किमान एक किलोमीटरचे संवेदनशील क्षेत्र ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा याच केरळात, वायनाड-इडुक्कीत, हरताळ झाले. ज्या राज्याने देशाला जंगल वाचवण्याचा धडा दिला, तेथील डोंगराळ भागातला शेतकरी संवेदनशील या शब्दाने बिथरतो. घर दुरुस्त करता येईल का, जमीन विकता येईल का, रानडुक्कर पिकात शिरले तर काय, या त्याच्या प्रश्नांची उत्तरे अधिसूचनेच्या इंग्रजीत सापडत नाहीत. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने तो आदेश शिथिल केला.

आणि सिंहपुच्छ वानर पुन्हा एकदा वीज प्रकल्पाच्या वाटेत उभे आहे. यावेळी कर्नाटकात. शरावती खोऱ्यात त्याच्याच नावाचे अभयारण्य आहे आणि तेथेच राज्याच्या वीज महामंडळाचा २,००० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प योजलेला आहे. दिवसा सौरऊर्जेने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज करायची, अशी ही योजना. २०२५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने तिला तत्त्वतः मान्यता दिली, अर्थात अटींसह. सायलेंट व्हॅलीच्या वेळी धरण हे जुन्या विकासाचे प्रतीक होते आणि पर्यावरणवादी त्याच्या विरोधात होते. आता प्रकल्प स्वतःच हरित ऊर्जेच्या नावाने येतो. कोळसा जाळायचा नसेल तर वीज साठवायला हवी, हा मुद्दा खोटा नाही. त्यामुळे १९७९ मध्ये शास्त्र साहित्य परिषदेने जो हिशेब मांडला, तो आज अधिक कठीण झाला आहे, आणि म्हणूनच अधिक आवश्यकही. साठवण हवी तर ती अखंड वर्षावनातच का, बॅटरीचे दर उतरत असताना भूगर्भातील बोगद्यांचे गणित किती वर्षे टिकेल, आधीच बांधलेल्या जलाशयांचा वापर कितपत होतो, हे प्रश्न माकडाच्या छायाचित्राने सुटत नाहीत.

महाराष्ट्रासाठी हे परक्या मुलखातले प्रकरण नाही. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प राज्यात आधीपासून आहे आणि अलीकडच्या वर्षांत राज्य शासनाने अनेक कंपन्यांशी अशा प्रकल्पांचे करार केले आहेत. उंच कडा आणि पायथ्याशी पाणी ही त्यांची गरज. सह्याद्रीत ती जागोजागी भागते. कोयनेचे उदाहरण तर डोळ्यांसमोरच आहे. १,९६० मेगावॅटच्या त्या प्रकल्पाने महाराष्ट्राचे उद्योग उभे केले, गावेच्या गावे उठवली आणि त्याच जलाशयाभोवतीचे निर्मनुष्य झालेले जंगल पुढे अभयारण्य, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि २०१२ मध्ये जागतिक वारशाचा भाग झाले. धरणाने जंगल बुडवले आणि धरणानेच उरलेले राखले, असा तो गुंतागुंतीचा वारसा आहे. कोयनाकाठी जाणाऱ्या पर्यटकाला ही सगळी गोष्ट, उठलेल्या गावांच्या नावांसह, एका जागी वाचायला मिळाली तर त्या केंद्राचे सार्थक होईल.

पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा मानले, त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. सायलेंट व्हॅलीही त्याच यादीत. कास हे वर्षावन नव्हे, जांभ्या दगडाचे पठार आहे; पण प्रवेशद्वारावर काय व्हावे याचा महाराष्ट्रातील धडा तेथेच गिरवला गेला. वारशाचा शिक्का बसल्यावर पुण्या-मुंबईच्या मोटारींची रीघ लागली, फुले तुडवली गेली, मग शुल्क आले, संख्येवर मर्यादा आली, गावकऱ्यांच्या समितीकडे व्यवस्था आली. जाळीचे कुंपण घातले गेले. चराई थांबल्याने फुलांवरच परिणाम होत असल्याची चर्चा झाल्यावर ते काढलेही गेले. ही धरसोड टीकेचा विषय झाली असली तरी चूक सुधारणारी व्यवस्था चूक न मानणाऱ्या व्यवस्थेपेक्षा बरी.

आंबोलीत मात्र अजून तो धडा पोहोचलेला दिसत नाही. महाराष्ट्रातील सदाहरित जंगलाचा सर्वांत समृद्ध पट्टा हा, आंबोलीपासून तिलारीपर्यंतचा. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका छोट्या माशाच्या नव्या प्रजातीसाठी २०२१ मध्ये तेथे जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाले. तरीही पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आंबोली म्हणजे रस्त्यालगतचा धबधबा, ध्वनिवर्धक, मक्याची कणसे आणि घाटात अडकलेल्या वाहनांची रांग, एवढेच बहुसंख्य पर्यटकांच्या पदरी पडते. याच पट्ट्यातील सावंतवाडी-दोडामार्गची गावे संवेदनशील जाहीर करावीत, असा निर्देश मुंबई उच्च न्यायालयाला मार्च २०२४ मध्ये द्यावा लागला. धबधब्याखाली भिजणाऱ्या हजारोंपैकी किती जणांच्या कानावर ही बातमी गेली असेल? मुक्कालीचा पर्यटक माकड न पाहता परतला तरी येथे धरण होणार होते आणि ते झाले नाही, एवढे तरी त्याला कळते.

मुक्कालीसारखी व्यवस्था आंबोलीत जशीच्या तशी बसवता येणार नाही. सैरंध्रीच्या वाटेवर गाव नाही. आंबोलीतून सावंतवाडी ते बेळगाव हा रस्ता जातो, हॉटेले आहेत, चहाच्या टपऱ्यांवर कुटुंबे जगतात. वाहने अलीकडे थांबवून पुढे गावकऱ्यांच्या गाड्यांतून लोकांना न्यायचे ठरवले तर पहिला विरोध हॉटेलवाल्यांचा होईल आणि दुसरा ज्यांचे पाहुणे मुंबईहून थेट धबधब्यापर्यंत मोटार नेऊ इच्छितात त्या पुढाऱ्यांचा. कासच्या समितीला सुरुवातीला हेच ऐकून घ्यावे लागले होते. तिला टिकवून धरले ते एका साध्या गोष्टीने : शुल्काचा पैसा गावात राहिला. आंबोलीतील जमिनींच्या मालकीचा कबुलायतदार गावकर प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला. ज्या गावाला आपल्या जमिनीचा सातबारा मिळवण्यासाठी झगडावे लागले, त्याने जंगलाच्या दारावर पहारेकरी म्हणून उभे राहावे, ही अपेक्षा करण्याआधी शासनाने तो प्रश्न शेवटपर्यंत निकाली काढायला हवा.